हक्काचा एक सेंट

स्कॉट जॉप्लिनचे वडील पूर्वाश्रमीचे गुलाम. आई गोऱ्यांच्या घरी काम करी. तिथल्याच पियानोवर पोराची बोटे बसली. १८९९ साली ‘मेपल लीफ रॅग’ छापायला देताना त्याने करार करून प्रतीमागे एक सेंट रॉयल्टी मिळवली. काळ्या रचनाकारांच्या चाली तेव्हा किरकोळ रकमेत कायमच्या विकत घेतल्या जात. म्हणून हा एक सेंट मोठा!

पुढे त्याने ‘ट्रीमोनिशा’ ही संगीतिका रचली. तिची नायिका शिकलेली काळी मुलगी. मांत्रिकांच्या तावडीतून ती आपल्या माणसांना सोडवते, आणि ती माणसे तिलाच पुढारी निवडतात. (जोतिबांच्या वाचकांना यात नवल ते काय?) ही संहिता त्याने १९११ साली पदरमोड करून छापली. १९१७ साली तो गेला. संगीतिका पूर्ण रूपात रंगमंचावर आली १९७२ साली, आणि कबरीवर नावाचा दगड लागला १९७४ साली.