थाट हवेतला, नजर जेआरडींची!

लाउंजमधला सेल्फी, बिझनेस क्लासची ऐसपैस सीट... स्वप्न तुमचंही असेलच ना? भारतीय विमानात हा थाट आणला जेआरडी टाटांनी. १९३२मध्ये कराचीहून टपाल घेऊन, स्वतः विमान चालवत हा पठ्ठ्या जुहूला उतरला. १९४८मध्ये एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला झेपावलं. प्रवासात साहेबांचं लक्ष सगळीकडे. पडदे नीट आहेत का, चहाचा रंग कसाय, सगळं टिपून ठेवायचे. टॉयलेट घाण दिसलं, तर स्वतः पुसायचे! १९५३मध्ये मनाविरुद्ध कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी बिनपगारी अध्यक्ष राहिले. १९७८मध्ये सरकारने त्यांनाच पदावरून काढलं. लाउंजमध्ये बसलात, की हातातला कप जरा निरखून बघा. जेआरडींनी आधी तोच बघितला असता!