'डेथ'चे चक शुल्डिनर : सात अल्बम, सात संच आणि एक अपुरे काम

करोल बाग (नवी दिल्ली) : 'डेथ मेटल' या संगीतप्रकाराचे जनक म्हणून ज्यांच्याकडे जगभरातील चाहते बोट दाखवतात, ते अमेरिकी गिटारवादक व गायक चक शुल्डिनर १३ डिसेंबर २००१ रोजी मरण पावले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ वर्षांचे होते. जनकत्वाचा हा मान त्यांना स्वतःला कधीच मान्य नव्हता. आपण केवळ एका बँडमधील माणूस आहोत, अशीच त्यांची भूमिका होती. तो बँडही असा, की त्याचे सात स्टुडिओ अल्बम निघाले आणि सातही वेळा वादकांचा संच वेगळा होता.

चार्ल्स मायकेल शुल्डिनर यांचा जन्म १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर झाला. वडील शिक्षक होते. पुढच्याच वर्षी कुटुंब फ्लोरिडात स्थायिक झाले. चक तीन भावंडांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना थोरला भाऊ फ्रँक सोळाव्या वर्षी मोटार अपघातात दगावला. घरावर कोसळलेल्या या दुःखातून मुलाचे मन कशात तरी रमावे, म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. शिकवणीतील बालगीते मात्र त्याला रुचली नाहीत आणि वर्ष पुरे होण्याआधीच ती शिकवणी सुटली. पुढे आईवडिलांना कोणाच्या तरी अंगणात जुन्या वस्तूंच्या विक्रीत एक इलेक्ट्रिक गिटार दिसली. ती घरी आली आणि मुलगा खोलीतून बाहेर पडेनासा झाला. 'किस', 'आयर्न मेडन' आणि 'व्हेनम' हे बँड ऐकत तो स्वतःच शिकत गेला. शाळा त्याने अर्धवट सोडली. अभ्यासात तो चांगला होता आणि या निर्णयाची खंत त्याला नंतर वाटत राहिली.

१९८३ मध्ये फ्लोरिडातील अल्टामॉन्ट स्प्रिंग्ज या गावी रिक रॉझ आणि कॅम ली या मित्रांसह त्याने 'मँटास' नावाचा बँड काढला. १९८४ मध्ये त्याचेच नाव 'डेथ' झाले. गळ्याच्या तळातून काढलेला घोगरा, गुरगुरणारा स्वर, नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या गिटारच्या तारा आणि ड्रमचा बेभान वेग असे हे संगीत होते. रेडिओ त्याला थारा देणार नव्हता आणि मोठ्या कंपन्या त्याकडे ढुंकूनही पाहणार नव्हत्या. ते पसरले कॅसेटवरून. घरगुती ध्वनिमुद्रणाच्या प्रती टपालाने एका देशातून दुसऱ्या देशात जात. मिळालेल्या कॅसेटवरून आणखी प्रती निघत आणि हाताने मांडणी करून छायाप्रती काढलेल्या छोट्या पत्रिकांतून त्यांची परीक्षणे येत. परदेशी टेपरेकॉर्डरसाठी करोल बागेतील गफ्फार मार्केट गाठणाऱ्या आणि कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून घेणाऱ्या आपल्याकडील पिढीला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. 'डेथ'चा एकही अल्बम निघाला नव्हता, तेव्हाच 'इन्फर्नल डेथ'सारख्या कॅसेटमुळे बँडचे नाव या भूमिगत वर्तुळात सर्वतोमुखी झाले होते.

बँड मात्र टिकत नव्हता. १९८५ मध्ये मित्र पांगले. अठरा वर्षांचे शुल्डिनर वादकांच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि हात हलवत परतले. १९८६ च्या आरंभी टोरांटोतील 'स्लॉटर' या बँडमध्ये सामील होण्यासाठी ते कॅनडात गेले, तेथूनही लगोलग परत आले. पुन्हा सॅन फ्रान्सिस्को. तेथे ख्रिस रायफर्ट हा सतरा वर्षांचा ड्रमवादक भेटला आणि दोघांनी भरलेल्या 'म्युटिलेशन' या कॅसेटवर 'कॉम्बॅट रेकॉर्ड्स'ने करार केला. पहिले ध्वनिमुद्रण फ्लोरिडात झाले, ते कंपनीच्या पसंतीस उतरले नाही. लॉस एंजेलिसमध्ये सारे काम नव्याने करावे लागले. गायन, गिटार आणि बास हे सर्व शुल्डिनर यांनी एकट्याने सांभाळले. मे १९८७ मध्ये 'स्क्रीम ब्लडी गोर' प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील 'पझेस्ड' या बँडचा अल्बम त्याआधी आलेला असल्याने पहिलेपणाचा वाद अद्याप मिटलेला नाही. पण पुढे ज्याला डेथ मेटल म्हटले गेले, त्याचा साचा या अल्बमने घालून दिला, हे सहसा कोणी नाकारत नाही.

त्यानंतर 'लेप्रसी' (१९८८) आणि 'स्पिरिच्युअल हीलिंग' (१९९०) आले. रक्तपात आणि प्रेते या विषयांचा शुल्डिनर यांना एव्हाना कंटाळा आला होता. गाण्यांत अंमली पदार्थांचे बळी, दांभिक धर्मोपदेशक, माणसाचा माणसावरील अविश्वास असे विषय येऊ लागले. बँडच्या बोधचिन्हातील उलटा क्रूसही त्यांनी पुढे काढून टाकला. सैतानपूजेशी आपला संबंध जोडला जावा, अशी त्यांची इच्छा नव्हती.

याच वर्षी सर्वांत मोठी फूट पडली. युरोपच्या दौऱ्याची आखणी नीट झालेली नाही, असे कारण देऊन शुल्डिनर यांनी ऐनवेळी निघण्यास नकार दिला. बासवादक टेरी बटलर आणि ड्रमवादक बिल अँड्र्यूज यांनी सामानाची ने-आण करणाऱ्या सहायकांना मंचावर उभे करून 'डेथ'च्याच नावाने दौरा पार पाडला. ज्याने बँड उभा केला तो फ्लोरिडात आणि बँड युरोपात! परतल्यावर दोघांनाही डच्चू मिळाला. व्यवस्थापक एरिक ग्रीफ यांच्याशीही शुल्डिनर यांचे बिनसले, न्यायालयाची पायरी चढण्यापर्यंत वेळ आली आणि नंतर समेट झाला. लहरी, हेकेखोर अशी त्यांची ख्याती झाली ती याच काळात. ती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येणार नाही. दौरा ठरलेला असताना माघार घेणाऱ्या माणसाबरोबर काम करणे सोपे नसते.

पण या फुटीने त्यांना मोकळे केले. कायमचा संच बाळगण्याचा नाद त्यांनी सोडला आणि प्रत्येक अल्बमसाठी हवे ते वादक निवडण्यास सुरुवात केली. 'सिनिक' बँडचे पॉल मास्व्हिडाल व शॉन रायनर्ट आणि बासवादक स्टीव्ह डिजॉर्जिओ यांच्यासह १९९१ मध्ये 'ह्यूमन' आला. जॅझची जाण असलेल्या या तरुणांमुळे संगीताची चालच पालटली. वेग राहिला, मात्र लय क्षणाक्षणाला वळणे घेऊ लागली आणि गिटारच्या धुनी गाण्याइतक्या स्पष्ट झाल्या. या प्रकाराला पुढे 'टेक्निकल डेथ मेटल' असे नाव पडले. 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) आणि 'सिंबॉलिक' (१९९५) यांत ड्रमवर जीन होगलन होते. 'सिंबॉलिक' हा त्यांचा सर्वांत रेखीव अल्बम मानावा लागेल.

'सिंबॉलिक'नंतर त्यांनी 'डेथ' बंद केला. गुरगुरणे सोडून स्वच्छ, उंच स्वराच्या गायकाला पुढे करायचे आणि आपण केवळ गिटार वाजवायची, असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी 'कंट्रोल डिनाइड' हा नवा बँड बांधला. 'न्यूक्लिअर ब्लास्ट' कंपनीने करार देऊ केला, परंतु आधी 'डेथ'च्या नावावर आणखी एक अल्बम हवा, या अटीवर. १९९८ मध्ये 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' आला आणि 'डेथ'चा तोच अखेरचा ठरला. कंट्रोल डिनाइडचा पहिला अल्बम १९९९ मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत शुल्डिनर आजारी पडले होते.

मान दुखते म्हणून ते डॉक्टरांकडे गेले होते. शीर आखडली असावी, असा समज होता. १३ मे १९९९ रोजी, म्हणजे त्यांच्या ३२ व्या वाढदिवशी, मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले. हा भाग श्वसनासारख्या मूलभूत क्रियांवर नियंत्रण ठेवतो, त्यामुळे तेथे शस्त्रक्रिया करणे अत्यंत जोखमीचे असते. किरणोपचारांनी गाठ निष्प्रभ झाल्याचे कुटुंबाने ऑक्टोबरमध्ये कळवले. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेचाच खर्च सुमारे ७० हजार डॉलर होता. जगभर ज्याचे अल्बम विकले जात होते, त्याच्या कुटुंबाकडे एवढा पैसा नव्हता. भूमिगत संगीतातील कीर्ती आणि मिळकत यांचा मेळ क्वचितच बसतो.

शुल्डिनर पुन्हा गाणी रचू लागले. मे २००१ मध्ये गाठ परतली. पहिल्या उपचारांनंतर त्यांनी आरोग्य विमा उतरवला होता, परंतु आजार विम्यापूर्वीचा असल्याच्या कारणावरून खर्च नाकारण्यात आला. चाहत्यांनी आणि लहानमोठ्या बँडनी मदतनिधीसाठी कार्यक्रम केले. 'कॉर्न', 'रेड हॉट चिली पेपर्स' आणि किड रॉक यांनी लिलावासाठी वस्तू दिल्या. 'डेथ'च्या दोन प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणेही उपचारांच्या खर्चासाठीच त्या वर्षी बाजारात आली. रसायनोपचारांनी शरीर खचले होते. त्यातच न्यूमोनिया झाला आणि १३ डिसेंबरला दुपारी त्यांची प्राणज्योत मालवली.

'कंट्रोल डिनाइड'चा दुसरा अल्बम अपुरा राहिला. त्याच्या फितींच्या हक्कांवरून कुटुंब आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला. कुटुंबाची बाजू लढवत होते, एकेकाळी शुल्डिनर यांच्याशी वितुष्ट आलेले तेच एरिक ग्रीफ. २०१२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मास्व्हिडाल, रायनर्ट, डिजॉर्जिओ, होगलन अशी निरनिराळ्या संचांतील मंडळी 'डेथ टू ऑल' या नावाने एकत्र आली आणि अमेरिकेत दौऱ्यावर निघाली. या मैफलींचा लाभ 'स्वीट रिलीफ म्युझिशियन्स फंड' या संस्थेसाठी होता. आजारी संगीतकारांच्या औषधोपचारांचा खर्च ही संस्था उचलते.