मादाम क्यूरींची क्ष-किरण गाडी

पोलंडमधील वॉर्सा नगरात ७ नोव्हेंबर १८६७ रोजी मेरी स्क्लोडोव्हस्का हिचा जन्म झाला. त्या काळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती आणि विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. वडील शिक्षक, घरची स्थिती बेताची. थोरली बहीण ब्रोनिया हिला पॅरिसला वैद्यक शिकता यावे, म्हणून मेरीने परक्या घरी मुलांना शिकविण्याची नोकरी पत्करली व आपल्या वेतनातून ती बहिणीला पैसे पाठवीत राहिली. १८९१ मध्ये तिची स्वतःची पाळी आली. पॅरिसमध्ये तिने पदार्थविज्ञान व गणित या विषयांत पदव्या मिळविल्या आणि पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी विवाह केला. १८९८ मध्ये या पतिपत्नींनी पोलोनियम व रेडियम ही नवी मूलद्रव्ये शोधून काढली. १९०६ मध्ये पिएर अपघातात मरण पावले. तरीही मादाम क्यूरींचे संशोधन थांबले नाही. १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचे आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे, अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना लाभली. रेडियमची ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. महायुद्धाच्या चार वर्षांत त्यांनी काय केले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्धाचा वणवा पेटला. पॅरिसमध्ये मादाम क्यूरींसाठी बांधलेली रेडियम संस्था नुकतीच उभी राहिली होती. पण तेथील माणसे सैन्यात निघून गेली. शत्रू पॅरिसच्या रोखाने येऊ लागला, तेव्हा प्रयोगशाळेतील एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून त्या स्वतः आगगाडीने बोर्दो शहरी सुरक्षित ठेवून आल्या. नंतर त्यांनी वेगळ्याच कामाला हात घातला.

तोफगोळ्यांचे तुकडे व बंदुकीच्या गोळ्या अंगात रुतलेले सैनिक हजारोंनी रुग्णालयात येत होते. तुकडा नेमका कोठे आहे हे न कळल्यामुळे शल्यवैद्य जखमेत चाचपडत. त्यात वेळ जाई, रक्त जाई, जखम चिघळे. कित्येकांचा पाय कापावा लागे, कित्येकांचा प्राण जाई. वास्तविक राँटजेन यांनी क्ष-किरण शोधून काढल्याला एकोणीस वर्षे झाली होती. पण क्ष-किरणांची यंत्रे होती शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आणि जखमी होते आघाडीजवळच्या शाळांत, मठांत, तंबूंत. यंत्र तेथे नेले तरी ते चालवावयास वीज कोठून आणावी?

मादाम क्यूरींनी एक साधी युक्ती योजली. त्यांनी मोटारीतच डायनॅमो बसविला. गाडी उभी करून तिचे इंजिन चालू ठेवले की डायनॅमो फिरे व वीज उत्पन्न होई. गाडीत क्ष-किरणांची नळी, घडीचे मेज, छायाचित्रांच्या काचा, चकाकणारा पडदा आणि खिडक्या झाकण्यासाठी काळे पडदे, एवढे सामान असे. महिलांच्या एका संस्थेने पहिल्या गाडीसाठी पैसे दिले. पुढे मादाम क्यूरी धनिकांच्या घरी जाऊन मोटारी मागू लागल्या. भिडस्त स्वभावाच्या या बाईंना ते किती जड गेले असेल! ऑक्टोबरअखेर पहिली गाडी तयार झाली. अशा वीस गाड्या त्यांनी सिद्ध केल्या. सैनिक त्यांना लाडाने छोट्या क्यूरी म्हणत.

त्यांची स्वतःची गाडी करड्या रंगाची रेनॉ मोटार होती; तिच्यावर रेडक्रॉसचे चिन्ह होते. रुग्णालयापाशी पोचताच खोली अंधारी करावयाची, खिडकीतून तार आत घ्यावयाची, मेज व नळी मांडावयाची. अर्ध्या तासात सर्व सज्ज होई. मग एकामागून एक जखमी आत येत. कधी कधी शस्त्रक्रिया तेथल्या तेथेच होई. पडद्यावर हाडांच्या छायेत शल्यवैद्याचा चिमटा पुढे सरकताना दिसे आणि तो पोलादाच्या काळ्या तुकड्याला जाऊन भिडे. हे काम करावयाचे म्हणून मादाम क्यूरी शरीररचनाशास्त्र शिकल्या. मोटार चालविण्यास त्या शिकल्या, १९१६ मध्ये त्यांनी परवानाही काढला. चाक बदलणे, थंडीत गारठलेले इंजिन हाताने फिरविणे, हीही कामे त्या करीत. एकदा गाडी उलटली आणि आतील पेट्या त्यांच्या अंगावर कोसळल्या. तरी ती हकीकत त्यांनी घरी सांगितली नाही.

तुकडा दिसला, तरी तो किती खोल आहे हे कसे कळावे? दिवा थोडा सरकविला, की भिंतीजवळ धरलेल्या बोटाची सावली थोडीच हलते. बोट दूर धरले तर पुष्कळ हलते. त्याचप्रमाणे नळी ठराविक अंतर सरकवून दोन छाया घेत आणि त्यांतील फरकावरून खोली मोजीत. थोरली मुलगी इरेन आईबरोबर हे काम शिकली आणि अठराव्या वर्षी बेल्जियममधील एका रुग्णालयात तिने ते एकटीने सांभाळले. तेथील एका शल्यवैद्याला या पोरीची भूमिती पटेना. त्याने जखमेच्या तोंडाकडूनच शोध चालविला. तुकडा हाती लागेना. शेवटी तिने दाखविलेल्या बाजूने पाहिले, तेव्हा तो सापडला.

गाड्या झाल्या, त्या चालविणारी माणसे हवी होती. १९१६ पासून रेडियम संस्थेत सुमारे दीडशे स्त्रियांना हे शिक्षण देण्यात आले. रुग्णालयांतून सुमारे दोनशे क्ष-किरण खोल्याही उभ्या राहिल्या. अशा प्रकारे दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली.

त्या घाईत संरक्षण मात्र अपुरे होते. हातमोजे आणि धातूचा लहानसा आडोसा, यापलीकडे फारसे काही नसे. आणि किरण तर रोजच अंगावर पडत. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या विकाराने मादाम क्यूरी निवर्तल्या. १९९५ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसमधील पाँथेआँ या राष्ट्रीय स्मारकात हलविण्यात आल्या. त्या वेळी त्यांच्या अवशेषांत रेडियम फार थोडे आढळले. म्हणून त्यांच्या दुखण्याचे कारण रेडियम नसून युद्धकाळातील क्ष-किरण असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. इरेनलाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तिचाही अंत झाला.