रोजगार हमीचे जनक कै. वि. स. पागे

विठ्ठल सखाराम पागे हे नाव काढले की जुन्या मंडळींना खडीची आणि बंडिंगची कामे आठवतात; तरुणांना बहुधा काहीच आठवत नाही. म्हणून त्यांचे अल्पचरित्र या स्मरणिकेत देत आहोत.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यात बागणी येथे झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसला. राहणी साधी, ओढा संतवाङ्मयाकडे. पुढे ते काँग्रेसतर्फे विधान परिषदेवर गेले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा परिषदेचे सभापती झाले. हे पद त्यांनी १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे भूषविले.

सभापतीच्या आसनाची एक अडचण असते. इतर आमदार उठून आपापल्या भागाचे गाऱ्हाणे मांडतात, सरकारला धारेवर धरतात. सभापतीने मात्र ते सर्व ऐकायचे, वादात उतरायचे नाही. पागे यांनी ही मर्यादा पाळली आणि आपल्या मनातली गोष्ट सभागृहाबाहेर तडीस नेली. ती गोष्ट अशी, की ज्याला अंगमेहनतीचे काम करायचे आहे त्याला ते मिळालेच पाहिजे.

आज हे सोपे वाटते. त्या काळी दुष्काळी कामे निघत ती पीक बुडाले, आणेवारी घसरली आणि सरकारने टंचाई जाहीर केली तरच. पाऊस बरा झाला, पण सुगी सरल्यावर भूमिहीन मजुराच्या हाताला चार महिने काम नाही, त्याचे काय? त्याची नोंद कोणत्याच कागदात नसे. पागे यांचे लक्ष नेमके तेथे गेले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना त्यांनी ही कल्पना पटवून दिली आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, तिचा पहिला प्रयोग झाला. त्याच अनुभवावर १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली.

पाठोपाठ तो भयंकर दुष्काळ आला. मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी कोण विसरेल? १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ हटला तरी पागे यांचा आग्रह सुटला नाही. हमी दुष्काळापुरती नव्हतीच. पैसा कोठून आणायचा, तर १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या खिशातून दरमहा थोडी रक्कम निघू लागली आणि तेवढीच भर सरकार घालू लागले. शहराने खेड्यातील मजुरीचा भार उचलावा, ही यातील फार मोठी गोष्ट आहे असे आम्हांस वाटते.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा संमत केला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता होता किमान रोज एक रुपया! रक्कम किरकोळ खरी, पण तहसील कचेरीत हात जोडून उभा राहणारा मजूर त्यामुळे हक्काने अर्ज देऊ लागला. स्त्री आणि पुरुष यांना कामाच्या मापाने सारखाच दर मिळे, आणि कामावर बायाबापड्यांची संख्या फार मोठी असे. कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा पागे सभापतिपदावर नव्हते.

योजनेत दोष शिरले नाहीत असे नाही. खोट्या हजेऱ्या, आठवड्यांनी लांबलेली मजुरी, अर्धवट टाकलेले रस्ते, हे सारे गावोगाव लोकांनी पाहिले आहे. तरीही किती शिवारांतले पाझर तलाव, नालाबांध आणि विहिरीचे वाढलेले पाणी या कामांतूनच आले, आणि किती कुटुंबे मुंबईची वाट न धरता गावात टिकली!

पागे यांचे १६ मार्च १९९० रोजी निधन झाले. पुढे २००५ साली केंद्र सरकारने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता. त्या कायद्याने कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. पागे यांच्या योजनेत दिवसांना मर्यादा नव्हती.