गागोद्याचा विन्या

नकाशात रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे शोधा. पेण तालुक्यात गागोदे नावाचे लहानसे खेडे आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. त्यांचे नाव विनायक. आई त्यांना विन्या म्हणे.

एकदा रात्री भिंतीवर मोठी काळी आकृती पाहून विन्या घाबरला. तुम्हीही कधी असे घाबरला असाल! आईने समजावले की ती त्याचीच सावली आहे. तो बसला की तीही बसेल, उठला की तीही उठेल. विन्याने तसे करून पाहिले. भीती पळाली.

घरी फणस पिकला की आई आधी शेजाऱ्यांना गरे पाठवी. ते वाटायला विन्या जाई आणि मगच त्याला खायला मिळे. लहान मुलाला हे मुळीच सोपे नव्हते.

तरुणपणी विनायक बेचैन झाला. त्याने आईदेखत आपली प्रमाणपत्रे जाळली. १९१६ साली तो परीक्षेसाठी मुंबईला निघाला, पण सुरतेला उतरून थेट काशीस गेला. त्याच वर्षी तो गांधीजींच्या आश्रमात आला.

पुढे कुराण मुळातून वाचण्यासाठी विनोबा अरबी शिकले.

१९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेव्हापासून विनोबा गावोगाव पायी फिरून गरिबांसाठी जमीन मागू लागले. गरे वाटणारा विन्या आता पंचावन्न वर्षांचा होता. हे पाहायला आई मात्र नव्हती. ती १९१८ सालीच वारली होती.