विमानकार सर जेफ्री डी हॅव्हिलंड

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं श्री. जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले व अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें येऊन उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा हा प्रारंभ आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक असेलच. परंतु त्या दिवशीं ज्या चिमुकल्या पुस मॉथ विमानानें ही कामगिरी बजावली, तें कोणाच्या कल्पकतेचें फळ होतें, हें फारच थोडे जाणतात. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

जेफ्री डी हॅव्हिलंड यांचा जन्म ता. २७ जुलै १८८२ रोजीं इंग्लंडांत हाय विकम येथें झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरची स्थिति बेताचीच होती. यंत्रविद्येचें शिक्षण संपवून जेफ्री यांनीं कांहीं काळ मोटारींच्या धंद्यांत काम केलें. पुढें विमानाचा ध्यास लागतांच मातामहांकडून मिळालेले एक हजार पौंड त्यांनीं त्यांत घातले. फ्रँक हर्ल या मित्राच्या साह्यानें सांगाडा उभा राहिला. पंखांचें कापड पत्नी लुईझ यांनीं शिवून दिलें. १९०९ च्या डिसेंबरांत सेव्हन बॅरोज येथील माळावर तें विमान उतरणीवरून धांवलें, क्षणमात्र हवेंत उठलें आणि पंख मोडून खालीं कोसळलें. कित्येक महिन्यांची मेहनत निमिषांत मातीस मिळाली!

अशा प्रसंगीं पुष्कळांचा धीर खचतो. जेफ्री यांनीं मात्र मोडक्या सांगाड्यांतून एंजिन काढून घेतलें आणि अधिक साधें व अधिक मजबूत असें दुसरें विमान बांधलें. १९१० च्या सप्टेंबरांत तें त्याच परिसरांत उडालें. सरकारनें तें ४०० पौंडांस खरेदी केलें व त्याच्या कर्त्यासही फार्नबरो येथील कारखान्यांत नोकरीस घेतलें.

पहिल्या महायुद्धांत त्यांनीं अनेक लढाऊ विमानें रचलीं, व १९२० सालीं लंडनजवळ स्वतःची कंपनी काढली. हौशी माणसास शिकतां येईल व बाळगतां येईल असें विमान करावें, ही त्यांची मनीषा होती. १९२३ सालचें हमिंग बर्ड विमान मोटारसायकलच्या एंजिनावर उडे. परंतु त्याची शक्ति अपुरी पडली. त्यानंतरचें मोठें विमान खर्चिक ठरलें. दोहोंपासून धडा घेऊन त्यांनीं मध्यम मार्ग काढला. फ्रँक हॅलफर्ड यांनीं युद्धांतून उरलेल्या आठ नळकांड्यांच्या रेनॉ एंजिनाचें अर्धें करून चार नळकांड्यांचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें एंजिन सिद्ध केलें. त्याभोंवतीं लांकूड व कापड यांचें, एकामागें एक दोन बैठकींचें विमान रचलें गेलें. त्याचे पंख मागें दुमडत. त्यामुळें तें मोटारीस जोडून ओढून नेतां येई व लहानशा जागेंत ठेवतां येई. जेफ्री यांस पतंग नांवाच्या कीटकांच्या अभ्यासाचा छंद होता. म्हणून पंख मिटणाऱ्या या विमानास त्यांनीं मॉथ हेंच नांव दिलें. ता. २२ फेब्रुवारी १९२५ रोजीं त्यांनीं तें स्वतः उडविलें.

या कुळांतील जिप्सी मॉथमधून १९३० सालीं एमी जॉन्सन ही तरुणी कराची, झांशी, कलकत्ता या मार्गानें एकटी ऑस्ट्रेलियास पोहोंचली. १९३१ सालचें टायगर मॉथ तर वैमानिकांची प्राथमिक शाळाच बनलें. तीं आठ हजारांहून अधिक बांधलीं गेलीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतील अनेक तरुणांनीं उड्डाणाचे पहिले धडे त्यांवरच गिरविले.

१९४४ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. परंतु दैवानें त्याची किंमतही घेतली. त्यांच्या तीन पुत्रांपैकीं जॉन १९४३ सालीं दोन विमानांच्या टकरींत, व जेफ्री १९४६ सालीं नव्या जेट विमानाची परीक्षा घेतांना मृत्यु पावले. दोघेही पित्याच्याच कारखान्याच्या विमानांत होते. हें दुःख उरीं बाळगून ते कार्यरत राहिले. ता. २१ मे १९६५ रोजीं त्यांचें निधन झालें, व त्यांची रक्षा विमानांतून सेव्हन बॅरोजच्या माळावर विखुरण्यांत आली.

ज्या माळानें त्यांचें पहिलें विमान मोडलें, त्यानेंच अखेर त्यांस पोटीं घेतलें. परीक्षेंत एकदां अपयश येतांच पुस्तकें मिटणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं, व त्यांजवर रागावणाऱ्या पालकांनींही, त्या मोडक्या पंखाचें स्मरण ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.