कागदाची घडी आणि लायनस पॉलिंग

लायनस पॉलिंग हे नाव आपण इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीच्या तक्त्यापुरतं वाचतो आणि विसरतो. मला मात्र तो आपल्यातलाच वाटतो, कारण पदवीने तो चक्क केमिकल इंजिनिअर होता!

त्याचा जन्म १९०१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. औषधांचं दुकान चालवणारे वडील तो नऊ वर्षांचा असताना वारले. घरी पैशांची कायम चणचण. कृषी महाविद्यालयात शिकताना एक वर्ष शिक्षण थांबवून त्याने तिथेच मुलांना शिकवलं. १९२२ मध्ये पदवी, १९२५ मध्ये कॅलटेकची पीएच.डी. आणि पुढच्या वर्षी युरोप. तिथे क्वांटम मेकॅनिक्स नुकतंच आकार घेत होतं. पॉलिंगने ते रेणूंमधल्या बंधांना लावलं.

पुढे त्याने प्रोटीनला हात घातला. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती घडी कशी घालते? सगळे सांधे फिरते धरले तर शक्यता मोजण्यात जन्म जाईल. पण दोन आम्लांना जोडणारा कार्बन-नायट्रोजन बंध नावालाच एकेरी असतो. रेझोनन्समुळे त्यात थोडा दुहेरीपणा येतो आणि तो सहजी फिरत नाही. म्हणजे सहा अणू एकाच पातळीत पक्के!

१९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडल्यापडल्या त्याने कागदावर साखळी काढली आणि घड्या घालत बसला. सपाटपणा न मोडता हायड्रोजन बंध जुळवणारा वेढा सापडला, तोच अल्फा हेलिक्स. पण वेढ्याची उंची आली ५.४ अँगस्ट्रॉम, आणि केसांची एक्स-रे चित्रं सांगत होती ५.१. तेवढ्या ०.३ साठी पठ्ठ्या थांबला. १९५१ मध्ये कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह शोध छापला. केसात हे हेलिक्स एकमेकांभोवती पिळलेले असतात म्हणून तो फरक, हे नंतर उलगडलं. मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांचा १९६३ चा प्रसिद्ध आलेखही याच सपाट बंधाच्या आधारावर उभा आहे.

डीएनएच्या वेळी मात्र त्याने घाई केली. फेब्रुवारी १९५३ मध्ये तीन पदरांची रचना छापली, ती चुकीची निघाली. दोनच महिन्यांत वॉटसन-क्रिकची दोन पदरांची रचना आली.

१९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं, अशी दोन नोबेल मिळवून १९९४ मध्ये तो गेला. माझ्या मते त्याचा मोठेपणा त्या थांबण्यात आहे. जर्नलमध्ये आकडा जुळत नाही म्हणून खोडरबर उचलण्याआधी ते ०.३ आठवून बघा.